खळ्यावरची खुर्ची

कार्तिक सरत आला की माझी मान खाजते. कॉलरच्या आत, मागच्या बाजूला, बैलाला जू बसतं बरोबर त्या जागी. शहापूरच्या डॉक्टरला दाखवली. त्यानं बॅटरी मारून पाहिली, भिंग लावून पाहिली, तिथं काहीच नाही म्हणून सांगितलं आणि वर मलम दिलं. काहीच नाही त्याला मलम देणारा माणूस मला आवडतो, तो माझ्याच पंथातला. पण त्या मलमानं काय होणार? ही खाज कातडीची नाही. ही भाताच्या कुसळांची आहे, आणि ती कुसळं नव्वदच्या दशकातली आहेत.

काल आमच्या शेतावर मळणीचं यंत्र आलं. ट्रॅक्टरच्या मागे लावतात ते. एका तोंडानं पेंढ्या खातं, कुशीतून भात सोडतं आणि पाठीतून पेंढा असा आभाळात फेकतं, की मुरबाडकडे निघालेले बगळे वाट चुकून कसाऱ्याला गेले. मी ओट्यावर खुर्ची टाकून बघत होतो. चहा बशीत ओतला तेव्हा पेंढ्यांचा डोंगर उभा होता; फुंकर मारून बशी तोंडाला लावली तेव्हा पोती शिवून तयार. कुणी वाकलं नाही, कुणाला खाज सुटली नाही, कुणाचं कुणाशी भांडण झालं नाही. कुणी बोललंच नाही. यंत्र एकटं बोलत होतं, आणि त्याला थांबवून ‘मंग?’ म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. सगळं इतकं सोयीचं झालं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरी मी धूळ गेली म्हणून सांगितलं.

मग यंत्र थांबलं आणि पलीकडच्या बांधावरून आवाज आला. धप्. जरा वेळानं पुन्हा धप्. बारकू हातानं झोडत होता.

बारकू म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेला शेजारी, माझ्याच वयाचा, शाळेत माझ्याच बाकावरचा. त्यानंही बाकीचं भात यंत्रात घातलं, पण बियाण्यापुरतं तो अजून फळीवर आपटून काढतो. यंत्रात दाणा फुटतो म्हणे. असेल. मला त्याच्या दाण्याशी काही देणंघेणं नाही. मला त्याच्या धप्शी आहे. तो आवाज ऐकला आणि माझी मान खाजायला लागली, आणि मानेखाली, छातीच्या जरा डावीकडे, माझा जुना ओळखीचा हेवा जागा झाला. आळस दिला, कूस बदलली आणि उठून बसला.

आता बारकूचा हेवा करावा असं आहे तरी काय त्याच्यापाशी? माझ्या दारात मोटरसायकल आहे, त्याच्या दारात कोंबड्या. माझ्या घरात मागे रेलता येणारी खुर्ची आहे, तिच्यात बसलं की उठायला दोन माणसं लागतात. पण तो माणूस जमिनीला पाठ टेकताच झोपतो. पाठ टेकायच्या आधीच झोपतो असं मी सगळीकडे सांगत असतो. मी मऊ गादीवर कूस बदलत राहतो आणि विचार करतो, की हा झोपला असणार. हे कुणाला सांगायचं?

पण या हेव्याचं मूळ झोपेत नाही. ते खळ्यावर आहे, आणि एका बाईच्या एका शब्दात आहे.

ती बाई म्हणजे आमची मोठी काकी, माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. झोडणीच्या दिवसांत काकी खळ्याच्या कडेला सूप घेऊन बसायची. दातांना मशेरी, डोळे सुपावर, आणि कान मात्र अख्ख्या ठाणे जिल्ह्यावर. आमच्याकडे तेव्हा माणसाच्या बदल्यात माणूस असा हिशेब असे. आज आमच्या खळ्यावर बारकूचं घर, उद्या त्याच्या खळ्यावर आमचं. वाकून वाकून कंबरेचे काटे ढिले होत. कुसळं मानेत, काखेत, कानात जात. आणि या सगळ्यावर एकच औषध होतं, गोष्टी. कुणीतरी सांगायची, बाकीच्यांनी झोडता झोडता ऐकायची. गोष्ट बरी असेल तर हात चालत राहत. फार बरी असेल तर हात थांबत. आणि गोष्ट खरोखरच लागली तर काकी सूप न थांबवता, मान वर न करता म्हणायची, “मंग?”

हा ‘मंग?’ म्हणजे आमच्याकडचा सर्वांत मोठा मान. पुढे काय झालं ते सांग, एवढाच त्याचा अर्थ. पण काकीचा ‘मंग?’ मिळाला की माणूस चार दिवस छाती काढून चाले. कित्येक वर्षं तो मान माझ्या घरी पाणी भरत होता. मी सांगायचो त्या वाघाचं तोंड शहापूरच्या एसटी स्टँडवर आणि शेपटी मुरबाडच्या बाजारात असायची. कल्याणची गाडी शेपटीवरून गेली की शहापुरात डरकाळी ऐकू यायची. एका वर्षी माळशेजच्या वाऱ्यानं आमचा तांबडा बैल उचलून घाटावर नेला, तिकडच्या लोकांनी त्याला कांद्याला जुंपला, आणि परत आला तेव्हा त्याच्या नुसत्या श्वासानं घरातल्या बायकांच्या डोळ्यांतून धारा. “मंग?” म्हणायची काकी. मग मी बैलाला दुसऱ्या घाटानं परत पाठवायचो.

खळ्याच्या शेवटच्या दिवशी भाताची रास पडे. रास मोजताना कुणी शब्द काढायचा नाही अशी रीत. मोजणी झाली की काकी राशीवर झेंडूचं फूल ठेवायची, सगळ्यांवरून नजर फिरवायची आणि एकाला म्हणायची, “बोल रे.” त्या मुक्या वेळेनंतरची पहिली गोष्ट त्याची. हा मानाचा विडा मी दरवर्षी उचलत होतो. तो आपला सातबाराच आहे, अशीच माझी समजूत झाली होती.

ज्या हंगामाची ही गोष्ट, त्या वर्षी मला शहापुरात एका सोसायटीच्या कचेरीत नोकरी लागली. नोकरी म्हणजे खुर्ची, खुर्चीवर उशी, डोक्यावर पंखा. गावातून शहापूरला जीप जायची. तिच्यात माणसं अशी भरायची की ड्रायव्हर निम्मा बाहेर लोंबकळत आत हात घालून स्टिअरिंग फिरवायचा, आणि कधी कधी जागा नसली की तो घरीच राहायचा, जीप आपली आपण जायची. पण कचेरीचा माणूस म्हणून मला पुढची सीट राखलेली होती. तिच्यावर स्पंज, स्पंजावर रेक्झिन. बारकू शहापूरला लाकडाच्या वखारीत कामाला होता, तो मागच्या फळीवर बसायचा. हे सगळं असंच चालू राहिलं असतं, तर आज माझी मान खाजली नसती.

पाऊस संपला, वाटा वाळल्या, आणि बारकूनं जीप सोडली.

आमच्याकडून शहापूरला रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. एक पायवाट मात्र सरळ डोंगरात शिरते, सागाच्या रानातून उतरते आणि नदी ओलांडते. आमच्या बापजाद्यांची वाट. जीप आल्यापासून तिच्यावरून फक्त गुरं जायची, तीही नाइलाजानं. बारकू त्या वाटेनं जायला लागला. पैशाचं काही नव्हतं, जीपवाला त्याचा मावसभाऊ, त्याच्याकडून कधी काही घेत नसे. मी विचारलं, डोकं फिरलं का तुझं? तर तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “बसून बसून पाय झोपतात माझं. मी जागा आन पाय झोपल्याले. बरं नाय वाटत.”

जीपमध्ये मी हे सगळ्यांना सांगितलं. आम्ही डोंगराच्या वळशाचा पूर्ण रस्ताभर हसलो.

मग एका संध्याकाळी, ऊन उतरत असताना, बारकू खळ्यावर उशिरा आला. काकीनं का रे उशीर म्हणून विचारलं. आता बारकू हा बोलणारा माणूस नव्हे. त्याच्या दोन शब्दांच्या मध्ये एक बिडी ओढून होते. तो बांधावर चप्पल काढून आत आला, पेंढीवर बसला आणि म्हणाला, नदीत म्हैस उभी होती. तिच्या पाठीवर बगळा होता. मग म्हैस बसायला लागली. हळूहळू. पाणी बगळ्याच्या पायाला लागलं, तसा तो एक पाय उचलून उभा राहिला. ती आणखी बसली. तो पुढे सरकून तिच्या डोक्यावर गेला.

एवढं बोलून बारकू थांबला. आणि काकीच्या सुपाचा आवाज बंद झाला. तिनं सूप खाली ठेवलं, मान वर केली.

“मंग?”

“मंग काय,” बारकू म्हणाला. “म्हशीनं कान हलवला. बगला उडाला.”

संपली गोष्ट. ना वाघ, ना वारा. आणि खळ्यावर सगळे हात थांबलेले. मी नुकताच एक वाघ तयार करून आणला होता, ताजा, मिशांना तेल लावलेला. तो मी तसाच गिळला. चैतात शेतात राब पेटवतात, पालापाचोळा आतल्या आत धुमसतो, वर काही दिसत नाही आणि खाली जमीन भाजून निघते. तसा कार्तिकात माझ्या पोटात राब पेटला.

त्यानंतर रोज. आज काय तर सागाच्या एका पानाची नुसती जाळी राहिली होती आणि तिच्यातून ऊन त्याच्या हातावर पडलं. उद्या काय तर दोन मुंगसं एका अंड्यावरून भांडली आणि अंडं गडगडत उताराला लागलं. “मंग?” परवा काय तर वाटेत ठेच लागली, खाली बघितलं तर दगडाखाली पाणी वाजत होतं. “मंग?” मी माझा वाघ वाढवत नेला. त्याला पंख दिले, चष्मा दिला, शेवटी पंचायतीच्या निवडणुकीला उभा केला. काकी सूप पाखडत राहिली. फोल उडत राहिलं.

मी विचार केला आणि माझ्या लक्षात आलं, की भानगड गोष्टीत नाही, बैठकीत आहे. दिवसभर उशीच्या खुर्चीवर बसणारा मी, संध्याकाळी जमिनीवर फतकल मारून बसलो की माझी गोष्टही जमिनीला लागते. शिवाय धूळ, कुसळं, खाज. खाजवणाऱ्या माणसाचा वाघ कुणाला खरा वाटेल? मी शहापूरच्या बाजारातून प्लास्टिकची खुर्ची घेतली, जीपच्या टपावर बांधून गावात आणली आणि कडक इस्त्रीचा शर्ट घालून खळ्यावर गेलो.

खळं म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. झोडणीआधी जागा भिजवायची, चोपायची, शेणानं सारवायची. ती अशी गुळगुळीत होते की सांडलेला दाणा चार बोटांत उचलावा. तिथं पायात काही घालून जायचं नाही. कलेक्टर आला तरी त्याचे बूट बांधावर. पण खुर्चीचं काय करायचं हे कुठल्याच पूर्वजानं सांगून ठेवलेलं नव्हतं, कारण खळ्यावर खुर्ची आणावी हे कुठल्याच पूर्वजाला सुचलं नव्हतं. ते मला सुचलं.

खळं त्याच सकाळी नवं सारवलेलं होतं. वर सुकलं होतं, आत ओलं. मी मधोमध खुर्ची मांडली, पाय वर घेतले आणि वाघाला सुरुवात केली. वाघ डोंगर चढायला लागला आणि मी खाली जायला लागलो. आधी वाटलं, गोष्टीत रंगलोय म्हणून असं वाटतंय. मग मागचा एक पाय जरा जास्त गेला. वाघ शिखरावर पोचला तेव्हा माझी मान आभाळाकडे होती आणि गुडघे कानापाशी. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. बारकू नाही हसला. तो आला, माझ्या काखेत हात घालून मला उपटून काढलं, मग खुर्ची उपटली. सारवलेल्या जमिनीत चार भोकं.

काकी उठून आली. भोकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“आता यात उंदरं राहतील,” ती म्हणाली. “त्यांना सांग तुझ्या गोष्टी.”

ती भोकं मी बुजवली. इस्त्रीच्या बाह्या वर करून, शेण-माती कालवून, उकिडवं बसून. बारकूनं पाणी घातलं. सांगायचं म्हणजे, त्या संध्याकाळी काकीच्या तोंडून माझ्याबद्दल निघालेलं ते एकच वाक्य, आणि तेही मी जमिनीवर आल्यावर.

तेव्हापासून मी सोयीकडे जरा संशयानंच बघतो. सोडत नाही; सोडायला मी काय बारकू आहे? पण बघतो. पुढच्या त्या स्पंजाच्या सीटवर माझी वर्षांची वर्षं गेली, आणि त्या सगळ्या प्रवासातलं मला आज काय आठवतं? काचेपुढे लोंबणारी लिंबू-मिरची. बस्स. सुखाला कुसळं नसतात. ते अंगावरून घसरून जातं. जे टोचतं ते मानेत राहतं, घरी येतं, आंघोळीच्या पाण्याला अर्थ आणतं. झोडणीनंतर घंगाळातलं ते कढत पाणी मानेवर घेताना जे वाटायचं, ते आता गिझरच्या पाण्यानं वाटत नाही. पाणी तेच आहे. खाज नाही.

पण हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मला एवढंच कळत होतं, की रास पडायला थोडे दिवस उरलेत आणि काकीचा डोळा बारकूवर आहे. मी ठरवलं, याच्या गोष्टी जिथं पिकतात ते शेतच गाठायचं. एका सकाळी जीप सोडली आणि बारकूला म्हटलं, मीही येतो.

“चल,” बारकू म्हणाला. का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

ती वाट किती लांब आहे म्हणून सांगू? काशीला जाऊन आलेले लोक मला भेटले आहेत. ते इतके दमलेले नव्हते. दवानं पँट गुडघ्यापर्यंत ओली. गवताची कुसळं मोज्यांत शिवल्यासारखी. कचेरीचे काळे बूट चावायला लागले, तेही आळीपाळीनं, एकमेकांना ठरवून. आणि बघायला काय? झाडं. मी डोळे फाडून मुंगसं शोधत होतो, बारकू आपला चालत होता.

अर्ध्या वाटेत सोमी भेटली. आमच्या गावाच्या कडेच्या वाडीवरची बाई. शेत नाही, दुसऱ्याच्या झोडणीवर हात चालवायचे आणि ती संपत आली की भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचं. नवरा आणि पोरं पुढे गेली होती, भट्टीचा ट्रक हायवेला उभा राहणार होता. डोक्यावर भांड्यांचं बोचकं, काखेत कोंबडी. आम्हाला बघून ती थांबली. जीप सोडून या वाटेनं कशाला, म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, हौस.

“आमाला जीपमधी घेत नाय बोचकं बघून,” सोमी म्हणाली. “आन तुमी हौसेनं चालता. बरा हाय.”

यावर मला काही सुचलं नाही. मला सुचलं नाही, असे प्रसंग माझ्या आयुष्यात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हौसेनं उचललेलं ओझं आणि गळ्यात पडलेलं ओझं ही दोन वेगळी आहेत, आणि पहिलं उचलणाऱ्यानं दुसऱ्याला तोंड वर करून काही सांगू नये, एवढं मला त्या कोंबडीच्या डोळ्यांकडे बघून कळलं. बारकूला सुचायचा प्रश्नच नव्हता. त्यानं तिच्या डोक्यावरचं बोचकं उतरवलं, स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि पुढे चालायला लागला. आणि मी काय केलं? मला त्याचाही हेवा वाटला. म्हणजे बोचकं दिसताच आधी माझ्या डोक्यात का आलं नाही, याचा. मग मी कोंबडी मागितली. सोमीनं दिली नाही.

नदीशी आलो. तिथं दगडांवरून पाय टाकत जायचं. बारकू बोचकं घेऊन गेला, सोमी कोंबडी घेऊन गेली. मी बुटांसकट निघालो आणि मधल्या दगडावरून सटकलो. पाणी थंड होतं असं म्हणणं म्हणजे पाण्याचा अपमान आहे. ते हिमालयातून खास माझ्यासाठी आणून ठेवलेलं होतं. बाहेर आलो तेव्हा डाव्या पायाचा बूट गेलेला. काठाच्या दगडावर बसून मी मोजा पिळला. सोमीला हसू आवरेना, आणि कोंबडीलाही, असं मला वाटलं. बारकू हसला नाही. त्यानं हसायला हवं होतं. मला बरं वाटलं असतं. तो नुसता बघत होता, ज्या डोळ्यांनी त्यानं ती म्हैस बघितली असणार त्या डोळ्यांनी. मग म्हणाला, एका बुटानं लंगडशील, तोही काढ. त्यानं स्वतःच्या चपलाही काढून हातात घेतल्या. हायवेला सोमीला ट्रकपाशी सोडलं आणि आम्ही दोघं अनवाणी शहापुरात शिरलो. कचेरीतल्या साहेबांनी माझ्या पायांकडे असं बघितलं, की मला वाटलं हे आता दर्शन घेतात.

पण आतून मी खूश होतो. गोष्ट मिळाली होती! घडलेली, माझ्या अंगावर घडलेली, अजून ओली. मी ती घासूनपुसून ठेवली. पाणी गळ्यापर्यंत नेलं. बूट सुसरीनं ओढला. मी सुसरीच्या जबड्यात हात घातला. राशीचा दिवस माझा होता.

रास पडली. मोजणी मुक्यानं झाली. ऊन पिवळं झालं होतं, राशीवरही आणि काकीच्या कपाळावरही. तिनं झेंडू ठेवला, नजर फिरवली. माझ्यावर आली, थांबली. मी घसा साफ केला. नजर पुढे गेली.

“बारकू, बोल रे.”

बारकूनं राशीकडे बघितलं. मग म्हणाला, वसंता नदीत पडला.

माझी गोष्ट! माझ्या अंगावरची, माझ्या बुटाची, आणि हा माणूस ती सहज, जणू रस्त्यात सापडली म्हणून उचलून, सांगायला लागला. दगड कसा होता, त्यावर शेवाळ कुठल्या बाजूला होतं, मी पाय टाकायच्या आधी हात कसे पसरले. “मंग?” म्हणाली काकी. मी मध्ये पडलो. म्हटलं, पाणी गळ्यापर्यंत होतं. बारकू म्हणाला, गुडघ्याएवढं. मी म्हटलं, बूट वाहत वाहत तानसाच्या तलावात गेला, आता अख्खी मुंबई माझ्या बुटाचं पाणी पिते. बारकू म्हणाला, नदी तिकडं जात नाय, वसंता.

“काकी, पडलो मी,” मी म्हटलं. “मला माहीत का त्याला?”

“तू गप,” काकी म्हणाली. “तुला काय म्हायती? तू पडत व्हतास. बघत त्यो व्हता.”

अख्खं खळं हसलं. रासही हसली, वरून थोडे दाणे घरंगळले. आणि बारकूनं त्याच हळू आवाजात शेवट केला: वसंतानं दगडावर बसून मोजा पिळला, आणि मोज्यातून एक मासा पडला. एवढासा. नखाएवढा. तो दगडावर दोनदा उडाला आणि पाण्यात गेला.

“मंग?” काकीनं विचारलं. गोष्ट संपल्यावरही तिनं विचारलं. असं तिनं मला आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

तो मासा मला आठवत नाही.

तेव्हापासून हा मासा माझ्या पोटात पोहतो आहे. काकी गेली, जीपवाल्यानं मोठी गाडी घेतली, वखार बंद झाली, शहापुरात हायवेला पूल झाला. मी सगळं विसरलो, मासा विसरलो नाही. तो खरा असेल, तर माझ्याच मोज्यातून मासा निघाला आणि तो मला दिसला नाही, कारण मी बुटासाठी हळहळत होतो. आणि खोटा असेल, तर बारकू माझ्याहून मोठा थापाड्या आहे. आयुष्यात एकच थाप मारली आणि ती नखाएवढी. दोन्हीकडून जळायचं मलाच. मी त्याला कधी विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारणार?

मोटरसायकलीनं माझे गुडघे मऊ केले आणि डॉक्टरनं मला सकाळी चालायला सांगितलं. शहापुरात आता पुष्कळ माणसं चालतात. पांढरे बूट घालून मैदानाला फेऱ्या मारतात आणि जिथून निघाली तिथंच पोचतात. मीही मारल्या. लिंबू-मिरचीसुद्धा दिसली नाही.

म्हणून काल, यंत्र गेल्यावर, मी पांढरे बूट काढून ओट्यावर ठेवले आणि नदीपर्यंत त्या वाटेनं जाऊन आलो. तळपाय इतके मऊ झाले होते की खड्यांनाच माझी कीव येत होती. काठाच्या त्या दगडावर बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग नाकतोडा आला, माझ्या गुडघ्यावर बसला, त्यानं पुढचे पाय एकमेकांवर घासले आणि गेला. बस्स एवढंच. पण ते सांगावंसं इतकं वाटलं, की मी परतीच्या चढाला जवळजवळ पळत आलो, आणि बांधावर आल्यावर लक्षात आलं, सांगायचं कुणाला?

बारकू झोडत होता. छोटंसं खळं, सारवलेलं. मी अनवाणीच होतो, आत गेलो. त्यानं पेंढी दिली. मी फळीवर आपटली. धप्. पहिल्याच धप्ला कुसळं कॉलरच्या आत, बरोबर त्या जागी. इतक्या वर्षांनी त्या खाजेला तिचं खरं कारण मिळालं. दोनचार पेंढ्या झाल्यावर मी, हात न थांबवता, नाकतोड्याचं सांगितलं. होता तेवढाच सांगितला, त्याला मिशीसुद्धा लावली नाही. पुढचे पाय घासले इथपर्यंत आलो आणि दमानं थांबलो.

बारकू मान खाली घालून पेंढी बांधत होता.

“मंग?” तो म्हणाला.

आता कुणी काही म्हणो, त्या शब्दापुढे माझा निभाव लागत नाही. मी म्हटलं, मंग काय, तेवढ्यात पाण्यातून तो मासा वर आला. तोच, मोज्यातला. आता चांगला हातभर झालाय. माझ्या बुटात राहतो. बायको आहे, पोरंबाळं आहेत, लेसच्या भोकांतून बाहेर डोकावतात. मला म्हणाला, वसंता, घर चांगलं आहे, पण एकच आहे. दुसरा बूट असता तर पोरांना झाला असता.

बोलून झाल्यावर मी बारकूकडे बघितलं. मासा होता का नव्हता, ते आता त्याच्या तोंडावर दिसणार होतं. बारकूनं पेंढी खाली ठेवली.

“कुठल्या पायाचा?” त्यानं विचारलं.

“डाव्या.”

“उजवा होता,” बारकू म्हणाला, आणि पुढची पेंढी माझ्या हातात दिली.